झग्याच्या खिशातील बारा पाने

धर्मगुरूच्या पांढऱ्या झग्याला दोन खोल खिसे असतात. आमच्या डाव्या खिशात जपमाळ आणि आजाऱ्यांच्या पवित्र तैलाची लहानशी डबी असते. उजव्या खिशात चष्म्याचे घर असते, स्कूटरची किल्ली असते आणि गेल्या तीन वर्षांपासून पत्त्यांची बारा पाने असतात. हे शेवटचे वाक्य लिहिताना लेखणी किंचित अडखळली, हे कबूल केले पाहिजे. इतरांचे पापनिवेदन ऐकण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने कधी तरी स्वतःही चार शब्द निवेदन करावेत, अशा विचाराने हा लेख लिहावयास घेतला आहे.

पत्ते म्हटले की आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या कपाळावर आठी उमटेल. ती आमच्याही कपाळावर अनेक वर्षे होती आणि तिला कारण होते. आमचे वडील वसईचे बागायतदार. केळीची लहानशी वाडी, तिच्या कडेला विहीर, एवढीच आमची इस्टेट. रविवारची मिस्सा आटोपली की काही मंडळी एका बंद ओसरीत तीनपत्तीला बसत आणि वडील त्यांत असत. एका पावसाळ्याच्या अखेरीस ते रात्री उशिरा घरी आले आणि न जेवता झोपले. त्यांनी कोणालाही काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी आई पाणी आणावयास गेली, तेव्हा विहिरीकडच्या तुकड्यात दुसऱ्याची माणसे केळीला पाणी लावत होती. आई रिकामी कळशी घेऊन परत आली. ती रिकामी कळशी आम्ही अजून विसरलेलो नाही.

पुढे सेमिनरीत गेल्यावर आमच्या तिटकाऱ्याला इतिहासाचा आधार मिळाला. सिएनाचे संत बर्नार्डिनो हे पंधराव्या शतकातील थोर फ्रान्सिस्कन प्रवचनकार. बोलोन्या शहरात त्यांनी जुगाराविरुद्ध असे प्रवचन केले की, लोकांनी घरोघरचे पत्ते आणून त्यांची होळी केली. पत्ते रंगवून पोट भरणारा एक कारागीर रडत त्यांच्यापाशी आला. तेव्हा त्यांनी त्याला येशूनामाचे चिन्ह काढून दिले आणि यापुढे तू हे रंगव असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. आमच्या तरुण मनात त्या कथेतील होळी तेवढी राहिली. कारागिराला आम्ही विसरलो.

गुरुदीक्षा होऊन दोन वर्षे झाली होती. एका खेड्यातील धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो. डिसेंबरातील एका रात्री गावातील एक वृद्धा निवर्तली. परगावची लेक पोहोचेपर्यंत अंत्यविधी थांबविला होता, म्हणून रात्र जागवावयाची होती. अकराच्या सुमारास आम्ही प्रार्थनेसाठी गेलो. आत मेणबत्त्या तेवत होत्या, बायका रोझरी म्हणत होत्या. अंगणात शेकोटी पेटली होती आणि ओटीवर कंदिलाच्या उजेडात मयत बाईंचा मुलगा आपल्या तीन सोबत्यांसह मेंढीकोट खेळत बसला होता. वय चाळिशीचे असेल.

आम्हांला रिकामी कळशी दिसली. बर्नार्डिनोंची होळी दिसली. आम्ही काही न विचारता पुढे झालो, चौघांच्या हातांतील पाने घेतली, चटईवरची गोळा केली आणि सगळा कॅट शेकोटीत टाकला. गुळगुळीत कागदातून आधी नुसता धूर निघाला, मग निळसर ज्वाळा उठली. कोणी काही बोलले नाही. मुलगा तेवढा उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “फादर, आम्हाला फक्त जागं राहायचं होतं.” दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनातही आम्ही त्या प्रसंगाचा उल्लेख केला. त्यानंतर तो गृहस्थ मिस्सेला येई, पण देवळात येत नसे. बाहेरच्या झाडाखाली उभा राही. आमची बदली होईपर्यंत तो झाडाखालीच होता.

यानंतर वीस-बावीस वर्षे पत्त्यांशी आमचा संबंध आला नाही. तो पुन्हा आणला आमच्या भाच्याने. तो परदेशी जहाजावर नोकरीस आहे. एका नाताळच्या सुट्टीत त्याने एक लाल मखमलीची पिशवी आमच्यासमोर ठेवली. ‘फादरमामा, जपानी खेळ आहे, सोळाच पाने आहेत, पैसे लावत नाहीत,’ हे सगळे त्याने एका श्वासात सांगितले. बहिणीने त्याला आमचा स्वभाव आधीच समजावून ठेवला असावा. नाताळचा दिवस, लाडका भाचा, आम्ही बसलो.

या खेळाचे नाव ‘लव्ह लेटर’. सेइजी कानाई या जपानी गृहस्थाने तो रचला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. एका राजकन्येपर्यंत आपले पत्र पोहोचवावयाचे, एवढीच कथा. सोळा पानांवर आठ पात्रे असतात आणि प्रत्येकाला एक ते आठ असा अंक असतो. प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच पान. आपली पाळी आली की एक पान उचलावयाचे, दोहोंपैकी एक ठेवावयाचे, दुसरे खाली टाकावयाचे आणि टाकलेल्या पानावर जी आज्ञा असेल ती पाळावयाची. पहारेकरी टाकला तर समोरच्याच्या हाती कोणते पान आहे ते ओळखावयाचे. ओळखले तर तो बाद. सरदार टाकला तर दोघांनी पाने ताडून पाहावयाची, कमी अंकाचा बाद. दासी टाकली तर पुढील पाळीपर्यंत आपल्याला अभय. राजकन्येचा अंक सर्वांत मोठा, पण जो तिला खाली टाकील तो तत्काळ हरतो. एक डाव पाच मिनिटांत संपतो.

आणि त्यात धर्मगुरूही आहे. त्याचा अंक दोन. पहारेकऱ्याहून एक पायरी वर, बाकी सगळ्यांच्या खाली. आपली योग्यता कोणी इतक्या नेमकेपणाने मांडलेली आम्ही पूर्वी पाहिली नव्हती. धर्मगुरूचे पान टाकणाऱ्याला समोरच्याच्या हातातील पान एकट्याने पाहता येते. ते इतरांस दाखविता येत नाही. पाहावयाचे आणि गप्प राहावयाचे. भाच्याला वाटले, मामा पानावरच्या चित्राला हसत आहेत. आम्ही पंचवीस वर्षे पापनिवेदनाच्या जाळीआड बसून केलेल्या कामाला हसत होतो.

त्या सुट्टीत आम्ही किती डाव खेळलो याची मोजदाद नाही. रात्री एकटे असताना मात्र मनात प्रश्न उठे. ज्याचा आम्हांला एवढा तिटकारा, त्यात एवढा आनंद कसा? सवयीप्रमाणे आम्ही जुन्या ग्रंथांकडे वळलो. संत फ्रान्सिस द सालेस यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील आपल्या ग्रंथात करमणुकीला मुभा दिली आहे, परंतु फासे आणि पत्ते वर्ज्य ठरविले आहेत. कारण त्यांत जय मिळतो तो कौशल्याने नव्हे, नशिबाने, असे त्यांचे म्हणणे. याउलट तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद यांतील संयमाला सद्गुण मानले आहे. त्यांनी संत योहानाची एक जुनी कथाही दिली आहे. योहान शिष्यांसमवेत खेळताना दिसले म्हणून काही लोकांना ते रुचले नाही. तेव्हा योहानांनी त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला विचारले की, तू न थांबता बाण सोडू शकशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल.

दोन्ही संतांना मान देऊन आम्ही पाने पुढे मांडली. बावन्न पानांच्या जुगारात कोणते पान कोठे आहे हे सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून तो नशिबाच्या हवाली होतो आणि तरीही वाडी लावून बसतो. सोळा पानांचे तसे नाही. पाच पहारेकरी, दोन धर्मगुरू, दोन सरदार, दोन दासी, दोन राजपुत्र, एक राजा, एक सरदारीण आणि एक राजकन्या. हे सर्वांना ठाऊक असते. खाली पडलेली पाने डोळ्यांसमोर असतात. मग समोरच्याच्या हाती काय असेल, हे मोजूनमापून सांगता येते. नशीब उरते, परंतु त्याला लगाम बसतो.

या मोजदादीला रचनाकाराने मुद्दाम एक छिद्र ठेवले आहे. डावाच्या आरंभी, पत्ते पिसून झाले की एक पान कोणीही न पाहता पालथे बाजूला ठेवावयाचे. ते डावात येतच नाही. त्यामुळे कितीही मोजले तरी हिशेब पुरा होत नाही. चार चार वेळा खात्री करून आम्ही ‘राजकन्या’ म्हणावे आणि ती नेमकी त्या पालथ्या पानात निघावी! ते एक पान काढून टाकले तर खेळ म्हणजे नुसता जमाखर्च होईल. एवढ्या लहान खेळात ही एवढी जाण कोणी ओतली, याचे आम्हांला नवल वाटले.

जपानशी आपले एक जुने नातेही या निमित्ताने आठवले. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर काही वर्षांनी त्याच पोर्तुगीजांची गलबते जपानच्या किनाऱ्याला लागली आणि गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमा येथे उतरले. त्या खलाशांबरोबर पत्तेही गेले. पोर्तुगीज भाषेतील ‘कार्ता’ या शब्दाचे जपानीत ‘कारुता’ झाले, आणि तो शब्द तेथे आजही पत्त्यांसाठी रूढ आहे. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या खलाशांचा खेळ साडेचार शतकांनी सोळा पानांचा होऊन आमच्या मेजावर परतला होता.

पुढील सुट्टीत भाच्याने एक पाकीट आणले. ते खरोखरच नोटा ठेवण्याच्या पाकिटासारखे होते. अमेरिकेत न्यू जर्सी येथे जेसन टॅगमायर यांची ‘बटन शाय’ नावाची संस्था आहे. ती फक्त अठरा पानांत बसणारे खेळ अशा पाकिटांतून काढते. त्यांतील २०१८ सालच्या ‘स्प्रॉलोपोलिस’ या खेळात अठरा पाने एकमेकांना जोडून नगर वसवावयाचे असते. प्रत्येक पानाच्या एका अंगाला नगराचे चार चौक असतात आणि दुसऱ्या अंगाला गुण मोजण्याची एक अट असते. तीन पाने उलटी मांडली की त्या डावाच्या तीन अटी ठरतात, आणि त्यांवरील अंकांची बेरीज हेच गाठावयाचे लक्ष्य होते. म्हणजे एकच पान कधी नगर असते, तर कधी नियम. जागा थोडी असली की एकेका वस्तूला दोन कामे करावी लागतात, हे आपल्या आयांना कोणी शिकवावे लागले नाही. पदर डोक्यावर असतो, तोच घाम पुसतो आणि त्यातच भाजी बांधून येते.

आपल्याकडेही हे नवे नाही. लहानपणी पाहिलेले ‘पाच-तीन-दोन’ आठवा. ओटीवर तिघेच असले की बावन्नांतून दुऱ्यांपासून छक्क्यांपर्यंतची वीस पाने आणि दोन सत्त्या काढून टाकावयाच्या. उरली तीस. तिघांना दहा-दहा. एकाने पाच हात करावयाचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. दोघेच असले तर त्याच तीस पानांत ‘सात-आठ’. घरात माणसे किती आहेत हे पाहून ज्याने प्रथम बावीस पाने बाजूला केली, तो अज्ञात मनुष्य आमच्या मते मोठा खेळकर्ता होय. त्याने काहीही भर घातली नाही. नको ते काढले.

हे शहाणपण आम्हांला फार उशिरा आले. आम्ही स्वतः खेळ रचावयास बसलो तेव्हा पहिला खेळ चाळीस पानांचा केला. बायबलमधील चाळीस व्यक्ती, प्रत्येकीचे गुण, अवगुण, संकटे आणि कृपाप्रसंग. नियमावली दोन फुलस्केप भरून. जुन्या नाताळकार्डांचे तुकडे करून आम्ही स्वहस्ते पाने तयार केली आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात ती वाटली. दहा मिनिटांत दोन गोष्टी उघडकीस आल्या. एक म्हणजे प्रत्येक पानाची पाठ वेगळी असल्यामुळे मुलांनी दुसऱ्याच डावात मोशे कोणाच्या हाती आहे ते मागून ओळखले. दुसरी एका चिमुरडीने विचारली, “फादर, ह्यात जिंकायचं कधी?” आम्ही नियमावली चाळली. जिंकावे कसे, हे लिहावयाचे राहूनच गेले होते.

मग हळूहळू शिकत गेलो. पानाचे माप त्रेसष्ट मिलिमीटर रुंद आणि अठ्ठ्याऐंशी उंच ठेवले तर ए-फोर आकाराच्या एका कागदावर बरोबर नऊ पाने बसतात. दोन कागदांत अठरा. कागद लग्नपत्रिकेच्या जातीचा, जाड पण लवचिक घ्यावा. सगळ्यांची पाठ एकाच ठशाची हवी. पान हातात पंख्यासारखे धरले की डावा वरचा कोपरा तेवढा दिसतो, म्हणून अंक तेथेच छापावा. नवा खेळ प्रथम आपल्याशीच डाव्या-उजव्या हाताने वीस वेळा खेळून पाहावा. पहिली पाळी असणाराच वारंवार जिंकत असेल तर रचनेत खोट आहे असे समजावे. आणि नियम समजावून सांगताना ‘मात्र’ किंवा ‘परंतु’ म्हणावे लागले, तर तो नियम बहुधा काढून टाकण्याजोगा असतो. प्रवचनांना हा शेवटचा निकष लावण्याचे धैर्य आम्हांला अद्याप झालेले नाही.

तीन वर्षांपूर्वी आमची नेमणूक प्रमुख धर्मगुरू म्हणून त्याच जुन्या धर्मग्रामात झाली. आजाऱ्यांच्या यादीत ते नाव होते. झाडाखाली उभे राहणारे ते गृहस्थ आता सत्तरीत होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. ‘हां’ आणि ‘नको’ असे दोन शब्द तेवढे शिल्लक होते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आम्हांला ओळखले आणि भिंतीकडे तोंड फिरविले. दुसऱ्या भेटीतही तेच. त्यांच्या पत्नीने ओशाळून चहा दिला. आम्ही प्रार्थना म्हटली आणि निघालो.

स्कूटरवर बसताना उजव्या खिशात किल्ली शोधू लागलो तो हाताला मखमलीची पिशवी लागली. तेव्हा लक्षात आले की, या खेळात प्रत्येकाच्या हाती एकच पान असते. रमीला तेरा पाने सावरावी लागतात, मेंढीकोटालाही तेरा. एकच हात चालणाऱ्या माणसाला जगातील बहुतेक पत्त्यांचे खेळ बंद झालेले असतात. हा मात्र उघडा होता.

पण तसाच नव्हे. पानांवरील मजकूर इंग्रजी आणि बारीक. पहारेकऱ्याचे पान टाकले तर समोरच्याचे पान नाव घेऊन ओळखावे लागते, आणि यांना तर बोलता येत नाही. पाळीच्या वेळी हाती दोन पाने येतात, ती एका हाताने लपवावी कशी? बर्नार्डिनोंच्या कथेतील कारागीर आम्हांला त्या आठवड्यात आठवला. संतांनी त्याचे पत्ते जाळले खरे, पण त्याला रंगवावयास दुसरे काही दिले. आम्ही जाळण्याचे तेवढे केले होते.

आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीने चित्रे काढून दिली. दरबार वगळून पात्रे गावातली घेतली. पहारेकऱ्याच्या जागी वाडीचा राखणदार, सरदाराच्या जागी पाटील, राजकन्येच्या जागी नवरी. दासीचे अभय देणारे पान होते, तेथे आम्ही आजी घातली. आजीच्या आड लपलेल्या नातवाला कोण हात लावणार? लाल लुगडे नेसून ओटीवर बसलेली म्हातारी त्या मुलीने सुरेख काढली. आज्ञा लिहिल्या नाहीत, चित्रांनीच दाखविल्या. एका वेगळ्या पानावर सगळी पात्रे लहान आकारात छापली. बोलण्याऐवजी त्यावर बोट ठेवावयाचे. लाकडाच्या पट्टीला खाच पाडून दोन पाने उभी राहतील अशी घोडी केली. एवढी सामग्री घेऊन आम्ही तिसऱ्यांदा गेलो. तोंड भिंतीकडेच होते. आम्ही खाटेशेजारी पाट मांडला, पाने मांडली आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळू लागलो. चौथ्या डावात आमच्या हातून मूर्खासारखी चूक झाली. भिंतीकडून आवाज आला, “नको!”

असे आम्ही एकमेकांचे भिडू झालो. गुण मोजावयास त्यांच्या पत्नीने चिंचोक्यांचा एक जुना डबा काढून दिला. आमचा भिडू केवळ खेळत नसे. आठवडाभरात तो आमचा सहरचनाकार झाला. राजाचे पान आले की हातातील पानांची अदलाबदल करावी लागे, आणि ती करताना घोडी कलंडत असे. त्यांनी डाव्या हाताने राजाला पाटाखाली सारले. “नको.” सरदारिणीच्या जागी आम्ही पाटलीण घातली होती. तिचा नियम सांगताना आम्ही दोनदा ‘परंतु’ म्हणालो. “नको.” मूळ सोळांतून अशी चार पाने गेली. राहिले चार राखणदार, दोन धर्मगुरू, दोन पाटील, दोन आज्या, हातातील पान टाकावयास लावणारे एक वादळ आणि एक नवरी. एकूण बारा. आमच्या दोन फुलस्केप नियमावलीला जे साधले नाही, ते त्या एका शब्दाने साधले.

राखणदार टाकला की त्यांचे बोट दर वेळी प्रथम धर्मगुरूवर जाई. गणिताने त्यात काही चूक नाही. आरंभी त्यांनी दोन पाने पाहिलेली असतात, न पाहिलेली दहा उरतात आणि त्यांत धर्मगुरू दोन. म्हणजे पाचांत एक संधी. पाटील आणि आजी यांचीही तितकीच. तरी बोट धर्मगुरूवरच. आणि आमच्या हाती खरोखर तो निघाला की ते डाव्या गालाने हसत.

एक गोष्ट मात्र उलगडत नव्हती. आजी खाली टाकण्यात फायदा असतो, कारण तिने अभय मिळते. हे त्यांना उत्तम कळत होते. तरीही ते आजी टाकत नसत. हाती आली की घोडीत तशीच उभी ठेवीत. एका दुपारी त्यांच्या हाती आजी आणि नवरी अशी दोन पाने आली. नवरी टाकणारा हरतो. त्यांनी आजीकडे पाहिले, नवरी उचलली आणि खाली टाकली. जाणून हरले.

निघताना आम्ही त्यांच्या पत्नीला दारात विचारले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सासूबाई रोज रोझरी झाल्यावर अशाच ओटीवर बसायच्या, फादर. यांना घेऊन, पोरांना घेऊन पत्ते खेळायच्या. पैसा कधी लावू दिला नाही, चिंचोके मोजायच्या. हा डबा त्यांचाच. त्या रात्री तुम्ही जाळले ते पत्तेही त्यांचेच होते.”

आम्ही स्कूटरपर्यंत गेलो आणि परत आलो. त्या रात्री सगळी पाने मोजून झाली आहेत अशी आमची खात्री होती: मयताचे घर, ओटीवर जुगार, कर्तव्य स्पष्ट. एक पान बाजूला पालथे पडले होते आणि ते उलटून पाहण्यास तीस वर्षे लागली. घराघरांतील तीनपत्तीने आणि आता हातातल्या फोनवरील रमीने केलेली धूळधाण आम्ही पाहिली आहे. तिच्याविरुद्ध आम्ही आजही बोलतो आणि बोलत राहू. परंतु मुलाने आईच्या पत्त्यांनी आईची रात्र जागविली, त्यात जुगार कोठे होता?

खाटेशेजारी बसून आम्ही त्यांना म्हणालो, “त्या रात्री आमचं चुकलं. पत्ते कोणाचे होते ते आम्ही विचारायला हवं होतं.” तीस वर्षे प्रवचने केलेल्या माणसाला एवढी दोन वाक्ये बोलावयास बराच वेळ लागला. ते ‘हां’ म्हणाले नाहीत. ‘नको’ही म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी पाटावरची बारा पाने डाव्या हाताने गोळा केली आणि आमच्याकडे सरकविली. एका हाताने पत्ते पिसता येत नाहीत. ते काम पहिल्यापासून आमच्याकडे आहे.

बुधवारी आणि शनिवारी दुपारी आम्ही आजही जातो. डब्यातील चिंचोक्यांचा हिशेब पाहिला तर भिडू बराच पुढे आहे. दोन आज्यांपैकी एकीचा कोपरा वारंवार कुरवाळला गेल्यामुळे दुमडला आहे, आणि आता ते पान पाठीकडूनही ओळखू येते. खेळ रचणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा दोष आहे. एक पान ओळखीचे झाले की सगळा डाव नासतो. त्या दोन कागदांवरील काही कोरी पाने आमच्याकडे शिल्लक आहेत. नवी आजी छापून घेणे अर्ध्या तासाचे काम आहे. आम्ही ते केलेले नाही. त्यांच्या घोडीत तो दुमडलेला कोपरा दिसला की आमच्या हातातील राखणदार आम्ही पाटीलावर किंवा नवरीवर खर्च करतो. पाहावयाचे आणि गप्प राहावयाचे, हा नियम आमच्या अंगवळणी पडलेला आहे.